विदुषी कमलाबाई सोहोनी



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी कोणी पाककृती देते, कोणी विणकामाचे नमुने देते, कोणी तीर्थयात्रेचे वर्णन लिहिते. यंदा चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहा." थोर स्त्री म्हटले की जिजाऊ, अहिल्यादेवी, सावित्रीबाई ही नावे ओठांवर येतात, आणि ती यावीतच. पण त्यांची चरित्रे आपण हळदीकुंकवाच्या प्रत्येक भाषणात ऐकतो. म्हणून मी एक निराळी बाई निवडली आहे. ती राणी नव्हती, पुढारी नव्हती. ती प्राध्यापिका होती. तिने आयुष्यभर दूध, डाळी, कडधान्ये, नीरा अशा वस्तू तपासल्या. म्हणजे तुमच्याआमच्या स्वयंपाकघरातल्याच वस्तू. तिचे नाव डॉ. कमलाबाई सोहोनी.

हे चरित्र निवडण्याचे कारण घरातलेच आहे. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जाऊबाईंची मुलगी बी. एस्सी. झाली. नांदेडास राहून सूक्ष्मजीवशास्त्र पुढे शिकावे, असे तिने मनात धरले. घरात बैठक बसली. एकजण म्हणाले, "पोरीने एवढे शिकून शेवटी भाकरीच थापायची ना?" दुसरे म्हणाले, "जंतूंची विद्या शिकून संसाराला काय उपयोग?" मी सातवी शिकलेली. मला उत्तर सुचेना. मी आपली चहा ओतत राहिले. पोरगी मात्र माझ्याकडेच पाहत होती. काकू काहीतरी बोलतील, असे तिला वाटले असावे. मी बोलले नाही. ती नजर मला पुढे पुष्कळ दिवस टोचली.

मग मी शोध घेऊ लागले की, या विद्येत आपल्या मराठी बायकांपैकी पूर्वी कोणी नाव काढले आहे काय? तेव्हा कमलाबाईंची माहिती मिळाली. इंग्रजीतले पुतणीने मला समजावून सांगितले, मी वहीत उतरवून घेतले. कमलाबाईंचा विषय जीवरसायनशास्त्र. माझ्या पुतणीचा सूक्ष्मजीवशास्त्र. पण या दोन विद्या म्हणजे सख्ख्या बहिणी समजाव्या. दुधाचे दही करणारे जीव कोणते, हे एक बहीण पाहते. ते होताना दुधात काय घडते, हे दुसरी पाहते.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. माहेरचे आडनाव भागवत. मराठीतल्या थोर लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. २०२२ साली आपल्या उदगिरात ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते, तेव्हा आपण सगळ्याजणी मंडपात गेलो होतो. अशाच एका संमेलनाच्या, १९७५ सालच्या कऱ्हाडच्या संमेलनाच्या, दुर्गाबाई अध्यक्ष होत्या. एका घरातल्या दोन बहिणी. एकीने लेखणी धरली आणि दुसरीने परीक्षानळी. दोघींनीही आपापल्या जागी मोठ्या माणसांपुढे मान तुकविली नाही.

कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. जमशेटजी टाटांच्या देणगीतून १९०९ साली बंगळूरला जी मोठी विज्ञानसंस्था निघाली, तिच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांत ते होते. त्यामुळे आपणही तेथेच शिकावे, असे कमलाबाईंच्या मनाने लहानपणीच घेतले होते. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा रसायन व भौतिक हे विषय घेऊन उत्तीर्ण झाल्या, आणि गुणवत्ता यादीत त्यांचे नाव वर होते. आता बंगळूरला प्रवेश मिळण्यास अडचण ती कसली, असेच घरच्यांना वाटले असणार.

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना १९३० साली मिळालेले. सगळ्या हिंदुस्थानाला त्यांचा अभिमान. कमलाबाईंचा अर्ज त्यांनी नाकारला. गुण कमी होते म्हणून नव्हे, तर अर्जदार मुलगी होती म्हणून. संशोधन हे बायकांचे काम नव्हे, असा त्यांचा ग्रह होता. वडील व चुलते यांनी विनंती करून पाहिली, पण उपयोग झाला नाही.

येथे एखादी मुलगी रडून घरी परतली असती, आणि आपण सगळ्यांनी तिला सांगितले असते की, बाई गं, तुझ्या नशिबात नव्हते. कमलाबाई एकट्या बंगळूरला गेल्या. नकाराचे कारण काय ते सांगा, असे त्यांनी रामनसाहेबांना समोरासमोर विचारले. आणि प्रवेश मिळेपर्यंत आपण त्यांच्या कचेरीच्या दारातून हलणार नाही, असा सत्याग्रह मांडला. ते दिवस गांधीजींचे होते. मिठाचा सत्याग्रह होऊन तीनच वर्षे झाली होती. सरकारपुढे सत्याग्रह करणारे पुष्कळ होते, पण विद्येच्या दारात, आणि तेही आपल्याच देशातल्या थोर पुरुषापुढे, सत्याग्रह करणारी ही बावीस वर्षांची मुलगी विरळाच म्हणावी लागेल.

अखेर प्रवेश मिळाला, पण कसा? अटी घालून. पहिले वर्षभर ती नियमित विद्यार्थिनी मानली जाणार नाही; मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल; आणि तिच्यामुळे तेथील पुरुष विद्यार्थ्यांच्या कामात व्यत्यय येता कामा नये. वर्षानंतर काम पसंत पडले तरच पुढे. बरोबरीच्या मुलांना यातली एकही अट नव्हती. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. पण त्यांतला अपमान त्या जन्मभर विसरल्या नाहीत. रामन फार मोठे शास्त्रज्ञ होते हे त्या मान्य करीत, परंतु केवळ स्त्री म्हणून त्यांनी आपल्याशी जे वर्तन केले ते विसरता येत नाही, असे त्यांनी म्हातारपणीही सभेत सांगितले. मला हे फार आवडले. थोर माणसाचा थोरपणा मान्य करावा आणि त्याची चूकही चूक म्हणून सांगावी, हे आपल्याला अजून साधत नाही.

बंगळूरला त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे होते. त्यांनी या विद्यार्थिनीला मनापासून शिकविले. तेथे त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. एक वर्ष संपले. काम पाहून रामनसाहेबांचे समाधान झाले, पुढे शिकण्यास रीतसर परवानगी मिळाली, आणि त्यानंतर त्या संस्थेचा दरवाजा इतर मुलींनाही उघडला. १९३६ साली कमलाबाई एम. एस्सी. झाल्या.

त्या वेळी आपल्या उदगिरात काय होते, ते आठवून पाहावे. आपण निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होतो. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली, औरंगाबादेस; नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघाले १९९४ साली. तेव्हा आपल्या आज्यापणज्यांना कोणी बंगळूरचे नाव सांगितले असते, तरी ते गाव कोणत्या दिशेला, हे त्यांना समजले नसते. हा दोष त्यांचा नव्हे. दारच नव्हते, मग दारात बसायचे कोठे? आपल्या मुलींपुढे मात्र आज दार आहे. म्हणून आपली जबाबदारी अधिक आहे.

बंगळूरहून कमलाबाई १९३७ साली विलायतेस, केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजात त्यांना जागा मिळाली. जीवरसायनाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालेले. कमलाबाईंनी आरंभी डेरेक रिक्टर यांच्या हाताखाली काम केले. ते दुसरीकडे गेल्यावर वनस्पतींचा अभ्यास करणारे रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले.

त्यांनी काय शोधले ते मी मला समजले तसे सांगते. आपण भाकरी खातो, ती अंगात जाऊन तिची शक्ती होते. म्हणजे शरीरात एक प्रकारची चूल पेटलेली असते. पण चुलीतले लाकूड भडकन जळते, तसे अन्न शरीरात जळाले तर आपण भाजून निघू. म्हणून प्रत्येक पेशीत हे जळणे हळूहळू, पायरीपायरीने होते. एका हातातून दुसऱ्या हातात घागर द्यावी, तसे काही पदार्थ हे काम पुढे सरकवितात. त्यांतल्या एकाचे नाव 'सायटोक्रोम सी'. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना हा पदार्थ वनस्पतीच्या पेशींत सापडला. म्हणजे माणूस, जनावर आणि झाड यांच्या आतली चूल एकाच रीतीची आहे. आपले संत सर्वांभूती एकच तत्त्व पाहतात. या बाईने बटाट्यात पाहिले ते त्याहून निराळ्या वाटेने. पण ऐकून माझ्या अंगावर काटा आला खरा.

या कामाचा प्रबंध अवघा चाळीस टंकलिखित पानांचा होता आणि तो चौदा महिन्यांत पुरा झाला. १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. विज्ञानातील पीएच. डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतात. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी त्याआधी, १९३१ साली, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टर पदवी मिळविलेली होती. तेव्हा पहिली कोण, या वादात मी पडत नाही. दोघीही आपल्याच. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्या केंब्रिजचा एवढा लौकिक, तेथेही स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवीचा हक्क मिळाला तो १९४८ साली. तेव्हा मागासलेपण फक्त आपल्याकडेच असते, असे समजू नये.

१९३९ सालीच त्या स्वदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय कॉलेजात जीवरसायनाचा नवा विभाग उघडला होता, त्याच्या त्या प्रमुख झाल्या. पुढे दक्षिणेत कुन्नूर येथील आहारसंशोधनाच्या प्रयोगशाळेत त्या साहाय्यक संचालक होत्या. तेथे त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली श्री. माधवराव सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. विवाहाच्या वेळी त्यांचे वय पस्तिशीच्या पुढे होते. आपल्याकडे पंचविशी उलटली की आया झोप सोडतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. संसारही झाला, दोन मुलेही झाली आणि विद्याही सुटली नाही.

मुंबईस रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाचा विभाग नव्याने निघाला, तेव्हा त्या तेथे प्राध्यापिका झाल्या. ते साल १९४९. येथून त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ सुरू होतो. त्यांनी संशोधनासाठी विषय कोणते घेतले? गरिबाच्या पानात जे पडते ते. डाळी व कडधान्ये, तांदळाचे धान-आटा नावाचे पीठ आणि नीरा. विलायतेत शिकून आलेल्या बाईने हिरेमाणकांसारखे विषय सोडून वालाचा दाणा हाती घेतला, यातच सगळे आले.

डाळींचे आधी सांगते, कारण आपले गाव डाळींचे आहे. मोंढ्यात तूर, उडीद, मूग, हरभरा यांच्या थप्प्या आपण लहानपणापासून पाहतो. डाळीत प्रथिने असतात, हे शाळेत शिकविलेले असते. पण दाण्यात प्रथिने असली म्हणजे ती अंगी लागतातच असे नाही. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचा एक पाचक रस असतो, तो प्रथिने फोडतो. आणि पुष्कळ कडधान्यांच्या कच्च्या दाण्यात असा एक पदार्थ असतो की, तो या रसालाच अडवितो. म्हणजे घरात पाहुणा बोलवावा आणि दाराला आतून कडी लावावी, तशातला प्रकार. कमलाबाई व त्यांचे विद्यार्थी यांनी आपल्याकडील भाज्या व कडधान्ये यांत हे अडविणारे पदार्थ शोधले, आणि वाल वगैरेंमधून ते शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळे केले. १९५५ साली ही माहिती 'नेचर' या विलायतेतील नामांकित साप्ताहिकात छापून आली.

यात आपल्याला काय मिळाले? तर हे की, हा अडथळा शिजविण्याच्या उष्णतेने बव्हंशी नाहीसा होतो, आणि भिजविल्याने व मोड आणल्यानेही कमी होतो. आपल्या सासूबाई वाल रात्रभर भिजवीत, फडक्यात बांधून मोड आणीत, सोलीत आणि मग चांगले शिजवीत. का, असे विचारले तर म्हणत, "नाहीतर पोटात दुखतं." त्यांचे म्हणणे खरे होते, कारण ठाऊक नव्हते. विद्येने सासूबाईंना खोटे पाडले नाही. उलट, त्यांच्या पदरात त्यांच्याच म्हणण्याचे कारण घातले. आणि कारण कळले म्हणजे आणखी एक लाभ होतो. घाईघाईत अर्धवट शिजलेली उसळ लेकराच्या पानात वाढू नये, हे आपण नव्या सुनेला नुसते दटावून नव्हे तर समजावून सांगू शकतो.

दुसरे काम नीरेचे. भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. आपल्या भागात शिंदीची झाडे पुष्कळ. पण नीरा म्हटले की आपण नाक मुरडतो, कारण आपल्याला ठाऊक आहे ती आंबलेली शिंदी. त्या पिण्याने किती घरे धुळीस मिळाली, हे मी सांगायला नको. निजाम सरकारला त्या झाडांचे मोठे उत्पन्न होते, म्हणून १९४७ साली हैदराबादच्या लढ्यात शिंदीची झाडे तोडण्याची मोहीमच निघाली होती. जुनी माणसे त्या गोष्टी सांगत.

परंतु पहाटे सूर्योदयापूर्वी झाडावरून उतरविलेला ताजा रस गोड असतो आणि त्यात नशा नसते. ती नीरा. ऊन चढू लागले की हवेतले व मडक्यातले सूक्ष्म जीव त्यातली साखर खाऊ लागतात आणि तिचे मद्य बनवितात. मडक्याला आतून चुना लावला तर हे आंबणे लांबते. म्हणजे झाड तेच, रस तोच. त्याचे औषध होते की विष, हे त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांवर अवलंबून. जंतूंच्या विद्येचा संसाराला काय उपयोग, या प्रश्नाचे उत्तर मला येथे पहिल्यांदा मिळाले. ही विद्या असती तर झाड तोडावे लागले नसते आणि संसारही मोडला नसता, असे मनात येते. अर्थात नुसत्या विद्येने दारू सुटत नाही, हेही मला कळते.

आणि आंबणे म्हणजे वाईटच, असेही नव्हे. येळवसेला आपण शेतात नेतो त्या आंबिलाचे पाहा. ज्वारीचे पीठ ताकात घालून आंबवितो, बिंदग्यात भरून डोक्यावर नेतो, कोपीत पांडवांची पूजा करतो, आणि भज्जीबरोबर आंबिल पितो. ते आंबट कोणी केले? त्याच सूक्ष्म जिवांनी. शिंदीतले जीव आणि आंबिलातले जीव यांची जात निराळी, एवढेच. पुतणीने हे सांगितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी साठ वर्षं जंतूच पाळले म्हणायचे!" आम्ही सगळ्या हसलो. पण खोटे काय आहे त्यात?

कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी दहाबारा वर्षे नीरेवर काम केले. नीरेत जीवनसत्त्वे व लोह असते, आणि नीरा आटवून गूळ केला तरी त्यातला गुण टिकून राहतो, असे त्यांना आढळले. आदिवासी भागातली कुपोषित मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा घातल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. आजच्या डॉक्टरणीबाई आपल्याला रक्त कमी आहे म्हणून गोळ्या देतात, तोच हा प्रश्न. तो कमलाबाईंनी गरिबाच्या खिशाला परवडेल अशा वस्तूने सोडवू पाहिला.

मुंबईला आरे येथे १९४९ साली मोठी दुग्धवसाहत झाली. तिच्या सल्लागारांत कमलाबाई होत्या, आणि दूध नासू नये यासाठी त्यांनी कामाची पद्धत ठरवून दिली. दूध नासणे म्हणजे काय, हे आपल्या गावाला सांगायला नको. देवणी गाईचा हा मुलूख. आपल्या गावातच सरकारी दूध भुकटीचा प्रकल्प होता, आणि तो बंद पडला तेव्हा किती घरांची घडी विसकटली, ते आपण पाहिले आहे. उन्हाळ्यात दुपारचे दूध संध्याकाळपर्यंत टिकविता येणे, म्हणजे एका बाईच्या हाती चार पैसे राहणे.

एवढे काम असूनही त्यांना संस्थेचे संचालकपद वेळेवर मिळाले नाही. अंतर्गत राजकारणाने ते चार वर्षे लांबले. पूर्वी बंगळूरला एका माणसाने उघडपणे नाही म्हटले होते. येथे कोणी नाही म्हणाले नाही, फक्त उशीर केला. मला वाटते, उघड नकारापेक्षा हा उशीर सोसणे कठीण. त्याच्या दारात बसायचे म्हटले तर दार कोणाचे, तेच समजत नाही. पण त्या काम सोडून गेल्या नाहीत. अखेर त्या संचालक झाल्या. एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या स्त्री संचालक झाल्याबद्दल त्यांचे केंब्रिजचे जुने गुरू रिक्टर यांनी त्यांचे कौतुक केले.

१९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी एकत्र येऊन ग्राहकांना मार्गदर्शन करणारी संस्था काढली. तिचे इंग्रजी नाव कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. त्या नऊजणींत कमलाबाई होत्या. १९८२-८३ साली त्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या, आणि संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात त्यांनी लेख लिहिले. ग्राहकाचे हक्क सांगणारा कायदा आपल्या देशात १९८६ साली झाला. म्हणजे त्याच्या वीस वर्षे आधी या बायका जाग्या झाल्या होत्या. भेसळ ही काही दूरची गोष्ट नव्हे. तुरीच्या डाळीत लाखेची डाळ, तिखटात विटकरीची भुकटी, दुधात पाणी आणि वर दाटपणासाठी पीठ, हे सगळे आपल्या कानांवर आलेले आहे. दुधात पीठ असेल तर आयोडीनचे दोन थेंब टाकल्यावर ते निळे होते. एवढी साधी परीक्षा. पण ती आपल्याला ठाऊक होण्यासाठी कोणा बाईला आधी प्रयोगशाळेत शिरावे लागले.

कमलाबाई १९९८ साली वारल्या. अखेरच्या काळात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने दिल्लीस त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्यांना भोवळ आली, आणि लौकरच त्यांचे देहावसान झाले. आयुष्यभर ज्यांनी मानाची वाट पाहिली नाही, त्यांचा मान असा अगदी दिवेलागणीला आला.

आता घरची गोष्ट पुरी करते. हे सगळे वहीत उतरवून झाल्यावर मी घरात पुन्हा विषय काढला. या खेपेला चहा जाऊबाईंना करायला सांगितला आणि मी बसून बोलले. बंगळूरचे सांगितले, शिंदीचे सांगितले, वालाचे सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "पोरीला जाऊ द्या." भावजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एक वर्ष बघू. वर्षाचा निकाल चांगला लागला तर पुढचं बघू." सगळ्यांना बरे वाटले. मलाही बरे वाटले. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मनात आले की, अरे, ही तर रामनसाहेबांचीच अट झाली! घरातल्या मुलाला पुण्याला पाठविले तेव्हा कोणी म्हटले नव्हते की एक वर्ष बघू. आणि मी ती अट ऐकून घेतली, वर समाधानाने पान खाल्ले.

ते वर्ष आता संपत आले आहे. पोरीची परीक्षा जवळ आली आहे. निकाल काय लागेल तो लागो. मी भावजींना आत्ताच सांगून ठेवले आहे की, निकाल जरा कमी आला तरी तिला मागे बोलावू देणार नाही. ते रागावले आहेत. रागावू देत. आणखी चार दिवसांनी बोलतील.

जाता जाता मंडळापुढे एक विनंती ठेवते. संक्रांतीच्या वाणासाठी आपण दर वर्षी प्लॅस्टिकचे डबे व वाट्या आणतो. त्या वाट्या कोणाच्या घरी कोठे गेल्या, हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. येत्या संक्रांतीला त्यातले निम्मे पैसे बाजूला काढावेत आणि गावातल्या एखाद्या गरजू मुलीची परीक्षेची फी किंवा एस. टी. चा पास त्यातून करावा. मुलगी कोणत्याही आळीची असो, कोणत्याही जातीधर्माची असो. ती पुढे कमलाबाई होईल असे नाही. पण तिला कोणाच्या दारात बसावे लागले, तर पाठीशी चार बायका उभ्या आहेत, एवढे तिला ठाऊक असावे.

माझे शिक्षण थोडे. लिहिण्यात काही चुकले असेल तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे, ही विनंती.